दाढेची सूज गळ्यात उतरते तेव्हा

किडलेल्या दाढेखाली साचलेल्या पुवाला वाट सापडली नाही, की तो जबड्याचं हाड पोखरून बाहेर पडतो. खालच्या दुसऱ्या-तिसऱ्या दाढेची मुळं जिभेखालच्या स्नायूपेक्षा खोल जातात, त्यामुळे हा पू हिरडीवर न फुगता हनुवटीखाली आणि गळ्यात शिरतो. तिथे दोन्ही बाजूंनी सूज पसरली, की तो लुडविग अँजायना. जर्मन वैद्य लुडविग यांनी १८३६ मध्ये त्याचं वर्णन केलं. प्रतिजैविकं नव्हती तेव्हा निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत, बहुतेक श्वास कोंडून.

ही सूज गळवासारखी मऊ नसते. बोटाने दाबली तर लाकडी फळीसारखी टणक लागते. जीभ वर ढकलली जाते, तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही. रुग्ण पुढे वाकून बसतो, कारण आडवं होताच श्वास अडतो. अशाला बळेच झोपवू नये. श्वासमार्ग सुरक्षित झाल्याशिवाय सीटी स्कॅनसाठीसुद्धा नाही.

पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर-आंबेगावात हा आजार बळावतो तो बहुधा रुग्णालय गाठण्याआधीच्या चार दिवसांत. कांदाकाढणी किंवा ऊसतोड चालू असते, दाढेत लवंग धरली जाते, मेडिकलमधली गोळी घेतली जाते. गोळीने ठणका थांबतो, पू थांबत नाही. मधुमेह असेल तर पू आणखी वेगाने पसरतो. आहुपे किंवा भीमाशंकरच्या डोंगरातल्या वाडीवरून निघणाऱ्याने सूज हनुवटीखाली उतरताच १०८ ला फोन करून घोडेगाव किंवा मंचर गाठावं. श्वासाला त्रास होण्याची वाट पाहू नये.

मानेवरची सूज दरवेळी दाढेचीच नसते; या भागात बिबट्याच्या हल्ल्याचाही विचार करावा लागतो. मानेवर सुळ्याचं भोक बारीक दिसतं, पण जंतू खोलवर जातात आणि एका दिवसात सूज चढू शकते. जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची, घट्ट टाके घालायचे नाहीत, रेबीजची लस आणि जखमेत इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं.

दाढेची सूज गळ्यात उतरली असेल, तर रुग्णालयात आधी श्वास सांभाळतात. गरज पडली तर मानेत छेद देऊन श्वासनलिकेत नळी घालतात. सोबत शिरेतून प्रतिजैविकं आणि साखरेवर नियंत्रण. पू असेल तर चिरा देऊन काढतात. कातडी जांभळी पडून बधिर झाली आणि दाबल्यावर आत करकरली, तर ऊतक कुजू लागलेलं असतं. ते तातडीने कापून काढतात, बहुधा दुसऱ्या दिवशी पुन्हा. दाढही बहुधा काढावी लागते, नाहीतर पू परत साचतो. निचऱ्याची नळी काही दिवस राहते, आणि जबडा मोकळा होईपर्यंत तोंड उघडण्याचा व्यायाम करावा लागतो.