सायकलचा हप्ता पगारातून

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदड स्थानकाच्या पुढेमागे रुळांची निगा राखणारा ट्रॅकमन असो की गोंदिया शहरात टपाल वाटणारा पोस्टमन, दोघांच्या पगारपत्रकात एक छोटीशी ओळ असते : सायकल भत्ता. हा भत्ता बंदच करून टाका, असं सातव्या वेतन आयोगाने सुचवलं होतं. केंद्र सरकारने ते मानलं नाही. उलट 2017 मध्ये पोस्टमन आणि ट्रॅकमन यांच्यासाठी महिन्याचे 90 रुपये वाढवून 180 केले. एवढ्यात पंक्चर, ब्रेकचे रबर आणि चेनला तेल भागतं. टायर-ट्यूब बदलायची वेळ आली की खिशात हात घालावाच लागतो. तरीही कामासाठी सायकल वापरणाऱ्या माणसाची दखल घेणारी ही ओळ टिकली, ही चांगली गोष्ट झाली.

पण हा भत्ता सायकल चालवणाऱ्याला मिळतो. सायकल घ्यायची असेल त्याचं काय?

त्याच्यासाठीही पूर्वी सोय होती. केंद्र सरकारच्या कमी पगाराच्या कर्मचाऱ्यांना सायकल अग्रिम मिळायचं. अर्ज करायचा, मंजुरी आली की सायकल घ्यायची आणि पुढे दर महिन्याला पगारातून थोडी थोडी रक्कम कापून द्यायची. सातव्या वेतन आयोगाच्याच शिफारशीवरून ऑक्टोबर 2016 मध्ये हे अग्रिम बंद झालं. फारशी चर्चाही झाली नाही. घरबांधणीचं अग्रिम मात्र राहिलं.

ब्रिटनमध्ये याच कल्पनेला करसवलतीची जोड दिलेली आहे. तिथल्या 1999 च्या वित्त कायद्याने ‘सायकल टू वर्क’ योजना आणली. कंपनी सायकल विकत घेते आणि कर्मचाऱ्याला वापरायला देते. भाडं पगारातून कापलं जातं, पण कर लागण्याच्या आधी. समजा सायकल 1,000 पौंडांची आहे. बारा महिने दरमहा सुमारे 83 पौंड कापले गेले. कापलेल्या रकमेवर प्राप्तिकराचे 20 टक्के आणि राष्ट्रीय विम्याचे 8 टक्के वाचतात, म्हणजे सगळे मिळून 280 पौंड. मुख्य अट अशी की सायकलचा निम्म्याहून जास्त वापर कामावर जाण्यायेण्यासाठी झाला पाहिजे.

खरी मेख वर्ष संपल्यावर कळते. हप्ते फिटले तरी सायकल कंपनीच्याच मालकीची असते, ती बाजारभावाने विकत घ्यावी लागते. तिथल्या करखात्याच्या तक्त्यानुसार 500 पौंडांहून महाग सायकलची वर्षभरानंतरची किंमत मूळ किमतीच्या 25 टक्के. म्हणजे 250 पौंड पुन्हा मोजायचे आणि 280 ची बचत 30 वर आणायची! म्हणून बहुतेक ठिकाणी भाड्याची मुदत लांबवतात. चार वर्षांनी तोच तक्ता 7 टक्के किंमत धरतो, मग 70 पौंडांत काम होतं. तक्ता न वाचता सही करणाऱ्याला हे उशिरा कळतं.

या योजनेत एक मोठी उणीवही आहे. कपातीनंतर पगार किमान वेतनाखाली जात असेल तर भाग घेता येत नाही. ज्याला सायकलची सगळ्यात जास्त गरज, तोच दाराबाहेर राहतो. उलट ज्याचा कर जास्त, त्याची बचतही जास्त.

आपल्याकडे साध्या सायकलसाठी अशी करसवलत नाही. विजेच्या वाहनासाठी होती : एप्रिल 2019 ते मार्च 2023 या काळात मंजूर झालेल्या कर्जाच्या व्याजावर दीड लाख रुपयांपर्यंत वजावट. पण कायद्यातल्या व्याख्येत वाहन फक्त विजेच्या मोटरवर चालणारं हवं होतं. पायडल मारावं लागणारी सायकल त्या व्याख्येत बसलीच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सायकलवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला, हा दिलासा मात्र खरा आणि सरसकट आहे.

मग ब्रिटनचा नमुना इकडे आणावा का? सौंदडपुरतं बोलायचं तर त्याने फार काही साधणार नाही. 2025 च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करपद्धतीत पगारदाराचं पावणेतेरा लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं आहे. सौंदडमधला शाळेचा शिपाई, पतसंस्थेचा कारकून, दुकानातला हिशेबनीस यांना मुळात करच नाही, तर वाचणार काय? त्यांची अडचण वेगळी आहे. पाच-सहा हजार रुपये एकदम हातात नसतात.

या अडचणीवरचा उपाय याच भागात रोज दिसतो. मानव विकास कार्यक्रमात गोंदियासह 23 जिल्ह्यांतल्या 125 तालुक्यांमध्ये आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी 5,000 रुपये मिळतात. यातले 3,500 आधी खात्यात येतात, उरलेले 1,500 खरेदीची पावती दिल्यावर. ‘आधी पैसे, मग पावती’ हा क्रमच महत्त्वाचा, कारण ‘आधी खरेदी करा, मग मागणी करा’ म्हटलं की गरीब घरातलं माणूस तिथेच थांबतं.

शाळा, पतसंस्था, राइस मिल अशा कुठल्याही नोकरी देणाऱ्याला याच क्रमाने आधी पैसे देऊन ते पगारातून कापून घेणं आजही करता येतं. 20,000 रुपयांपर्यंतच्या बिनव्याजी उचलीवर प्राप्तिकराच्या नियमांत करपात्र लाभ धरत नाहीत. 6,000 रुपयांची सायकल, दरमहा 500 ची कपात, बारा महिन्यांत हिशेब पूर्ण. आणि सायकल पहिल्या दिवसापासून कर्मचाऱ्याच्या नावावर, त्यामुळे तक्त्याची भानगड नाही. नोकरी सोडली तर बाकी रक्कम कशी फिटेल, एवढं मात्र अर्जावर आधीच लिहून घ्यावं.

सौंदडला राष्ट्रीय महामार्ग 53 लागून आहे, अंधार पडल्यावरही ट्रकांची रांग तुटत नाही. म्हणून त्या 6,000 रुपयांत मागचा लाल रिफ्लेक्टर, पुढचा दिवा, घंटी आणि मडगार्ड धरायलाच हवेत. नांगरणी-रोवणीच्या दिवसांत रस्त्यावर चिखल येतो, मडगार्ड नसलं की कामावर पोचेपर्यंत पाठीवर त्याची रेघ उमटते. अर्ज मे महिन्यात मंजूर झाला, तर पहिल्या पावसाआधी सायकल घरी येते.