सहावीपासून परिसर वेगवेगळ्या पुस्तकांत जातो
लेखमाला : सहावी ते आठवी – मुलं वर्गात काय शिकतात? लेखांक ४

पाचवीपर्यंत मुलाच्या दप्तरात ‘परिसर अभ्यास’ असतो. पाणी, पिकं, घर, गावाचा कारभार, जुने लोक कसे राहत होते, हे सगळं त्या एका नावाखाली येतं. सहावीत हे नाव वेळापत्रकातून जातं. त्याच्या जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी निरनिराळी पुस्तकं येतात, त्यांचे तास वेगळे, वह्या वेगळ्या आणि बहुतेक ठिकाणी शिक्षकही वेगळे. मागच्या लेखांकांत आपण भाषा विषय पाहिले. या आठवड्यात पाहायचं आहे ते परिसराच्या या वाटणीकडे, कारण “पाचवीपर्यंत छान चाललं होतं, सहावीत काय झालं कळत नाही” ही पालकांची तक्रार बऱ्याचदा इथूनच सुरू होते.

ही वाटणी विचारपूर्वक केलेली आहे. शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी वर्षाला किमान २२० दिवस आणि १००० तास अध्यापन ठरवलं आहे. पहिली ते पाचवीसाठी ते २०० दिवस आणि ८०० तास आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रं आणि भाषा यांसाठी निदान एकेक शिक्षक हवा, हेही कायदाच सांगतो. अकरा-बारा वर्षांचं मूल डोळ्यांसमोर नसलेल्या गोष्टीचाही विचार करू लागतं, त्यामुळे प्रत्येक विषयाची स्वतःची पद्धत त्याला शिकवायची हीच वेळ. एवढं मला पटतं. मात्र विषय वेगळे केल्यावर ते पुन्हा जोडायचं काम कुणाच्याच तासिकेत उरत नाही. भूगोलाचे सर भरती-ओहोटी शिकवून जातात, गणिताच्या बाई प्रमाण शिकवून जातात, आणि दोन्ही एकाच समुद्राबद्दल आहे हे मुलाला कुणी सांगत नाही. पालघर जिल्ह्यात हे जोडकाम जितकं सोपं आहे तितकं फार थोड्या ठिकाणी असेल.

सातवीच्या भूगोलात ‘भरती-ओहोटी’ हा पाठ आहे. चंद्र आणि सूर्य यांचं आकर्षण, पृथ्वीचं फिरणं, केंद्रोत्सारी बल, उधाणाची आणि भांगाची भरती, सगळं आकृत्यांसह दिलं आहे. नागपूरच्या मुलाला हा पाठ आकृतीवरूनच समजून घ्यावा लागतो. सातपाटी, मुरबे, दांडी, नवापूर, केळवे इथल्या मुलाच्या घरात तो रोज बोलला जातो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण आणि अष्टमीला भांग हे कोळी-मांगेल्यांच्या घरातल्या मुलाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असतं. आमच्याकडचा समुद्र भरतीला कुठवर येतो आणि ओहोटीला किती लांब जातो, हेही त्याने पाहिलेलं असतं.

किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. एकादशीला सव्वाआठ. पहाटेची आणि दुपारची, दोन्ही भरत्या साधारण त्याच अंकाला. हा हिशेब सातवीच्या वर्गात फळ्यावर मांडावा असं मला मनापासून वाटतं, कारण त्यात भूगोलही आहे आणि गणितही, आणि मुलांना स्वतः शोधून काढता येईल अशी एक अडचणसुद्धा आहे. पौर्णिमा ही पंधरावी तिथी. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे एकची पाऊणपट, पाऊण तास. बारानंतर पाऊण तास म्हणजे पाऊण वाजता. एका दिवसात भरती सव्वाअकरावरून पाऊण वाजेपर्यंत, दीड तास पुढे कशी गेली? बाकीच्या दिवशी तर ती पाऊण तासच सरकत होती.

इथे वर्ग थांबला पाहिजे. मुलांना विचार करू द्यावा. पंधरा तिथींत भरती बारा तास पुढे जाते, तर एका तिथीमागे किती? बारा तासांची ७२० मिनिटं, भागिले पंधरा, म्हणजे ४८ मिनिटं. आपण धरली ४५. तीन मिनिटांचा हा फरक पंधरा तिथींत साठत जातो आणि पौर्णिमेला पाऊण तासाचा होतो. होडी काढायला पाऊणपटीचा हिशेब पुरेसा आहे, तोंडी होतो आणि चुकला तरी थोडाच चुकतो. चंद्र रोज आकाशात थोडा पूर्वेकडे सरकतो, म्हणून पृथ्वीला त्याला पुन्हा गाठायला चोवीस तासांऐवजी सुमारे चोवीस तास पन्नास मिनिटं लागतात. दोन भरत्यांमध्ये बारा तास पंचवीस मिनिटांचं अंतर त्यातूनच येतं. तिथी सरासरी दिवसापेक्षा जराशी लहान असते, त्यामुळे दिवसाची पन्नास मिनिटं तिथीला अठ्ठेचाळीसच्या आसपास होतात. वारा, किनाऱ्याचा आकार, खाडीचं तोंड यांनी वेळ पुढेमागे होते, तेव्हा शेवटी खात्री वेळापत्रकावरूनच करायची. तरीही आजोबांचा हिशेब, पुस्तकातली आकृती आणि गणिताचं प्रमाण यांचा असा मेळ घालून पाहणारं मूल हा पाठ विसरणार नाही. जून-जुलैत मासेमारीवर बंदी असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि घरची माणसं जाळी विणत बसलेली असतात. शाळाही जूनमध्येच सुरू होते. सातवीच्या मुलांनी घरी बसून हा हिशेब विचारायला याहून चांगली वेळ नाही.

आठवीच्या विज्ञानात ‘अणूचे अंतरंग’ आहे. डाल्टन, थॉमसन, रुदरफोर्ड, बोर, मग इलेक्ट्रॉन संरूपण, संयुजा, समस्थानिकं आणि शेवटी अणुभट्टी. बोईसरच्या मुलाला या पाठातली शेवटची गोष्ट घराच्या जवळच आहे. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झालं आणि देशातली पहिली व्यापारी अणुवीज तिथून निघाली. असं असूनही समस्थानिकांचा भाग बहुधा व्याख्या आणि तीन ओळींचा तक्ता म्हणून पाठ केला जातो : हायड्रोजन, ड्युटेरिअम, ट्रिटिअम. अणुअंक सारखा, वस्तुमानांक वेगळा. झालं.

वास्तविक तारापूरच्या चार भट्ट्या हाच या पाठाचा उत्तम खुलासा आहे. पहिल्या दोन भट्ट्यांत समृद्ध युरेनिअम जातं आणि साधं पाणी वापरलं जातं. निसर्गात मिळणाऱ्या युरेनिअममध्ये भंजन पावणारं युरेनिअम-२३५ फक्त ०.७ टक्के असतं, बाकी जवळजवळ सगळं युरेनिअम-२३८. साधं पाणी न्यूट्रॉनांचा वेग कमी करतं, पण काही न्यूट्रॉन गिळूनही टाकतं. म्हणून त्या भट्ट्यांना २३५चं प्रमाण वाढवलेलं इंधन लागतं. तिसरी आणि चौथी भट्टी, प्रत्येकी ५४० मेगावॅटची, २००५-०६च्या सुमारास सुरू झाली. त्यांत नैसर्गिक युरेनिअम चालतं, कारण तिथे जड पाणी आहे, म्हणजे ज्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरिअम आहे ते पाणी. ड्युटेरिअम न्यूट्रॉन फारसे शोषत नाही, त्यामुळे कमी २३५वरही शृंखला अभिक्रिया टिकते. केंद्रकात एक न्यूट्रॉन जास्त असण्याने एवढा फरक पडतो. तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीसाठी समुद्रकाठी भलं मोठं केंद्र उभं आहे, हे कळल्यावर मूल तो तक्ता वेगळ्या नजरेनं वाचेल.

यांतल्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. आठवीच्या भूगोलात ‘भूमी उपयोजन’ आणि ‘उद्योग’ हे पाठ आहेत. जमीन कशासाठी वापरायची हे कोण ठरवतं, उद्योग कुठे उभा राहतो, पाणी आणि रेल्वे जवळ का लागते, आणि आधी तिथे राहणाऱ्या माणसांचं काय होतं, हे प्रश्न त्या दोन गावांच्या संदर्भात आठवीच्या वर्गात निःसंकोचपणे विचारले जावेत. काही शिक्षकांना हे नाजूक वाटतं. मला उलट वाटतं. ज्या मुलांच्या घरातच विस्थापन झालं आहे त्यांच्यासमोर उद्योगांची फक्त यादी वाचून दाखवणं त्या मुलांवर अन्याय आहे.

विज्ञानातल्या ‘प्रदूषण’ या पाठाचंही तसंच आहे. तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांचं सांडपाणी, त्याचा खाडीवर आणि मासेमारीवर होणारा परिणाम यासाठी मांगेला समाजाच्या संघटनेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. आम्ल-आम्लारीच्या पाठात लिटमस येतो. प्रदूषणाच्या पाठात जलप्रदूषणाची कारणं येतात. नागरिकशास्त्रात न्यायव्यवस्था येते. तिन्ही आठवीतच, एकाच वर्षात. नवापूर-दांडीच्या बाजूची मुलं या तिन्ही पाठांची उदाहरणं रोज बघतात.

इतिहासाचं जोडकाम रेल्वे मार्गावरूनच करता येतं. सहावीला प्राचीन भारत. सम्राट अशोकाचा काळ आला की नालासोपाऱ्याला जायचं : शूर्पारक या प्राचीन बंदरात १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना स्तूप आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. सातवीला मराठ्यांचा इतिहास. चिमाजीअप्पांची वसईची मोहीम १७३९ची. त्याच वर्षी जानेवारीत तारापूरचा किल्ला मराठ्यांनी घेतला, मेमध्ये वसई पडली. आठवीला आधुनिक भारत आणि १९४२चा लढा. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरला निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले; ती माणसं याच पंचक्रोशीतल्या गावांतली होती. तीन इयत्तांचे तीन कालखंड, आणि तीनही जागांना डहाणू लोकलने एका दिवसात जाऊन येता येईल. वर्षाची सहल ठरवणाऱ्या शाळांनी करमणूक उद्यानांच्या आधी या मार्गाचा विचार करावा ही माझी आग्रहाची विनंती आहे.

नागरिकशास्त्रात सहावीला स्थानिक शासन असतं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बसलेलं मूल ज्या संस्थेबद्दल वाचतं, त्याच संस्थेच्या इमारतीत ते बसलेलं असतं. १ ऑगस्ट २०१४ला पालघर जिल्हा झाला तेव्हा ही शाळा ठाण्याची होती, मग पालघरची झाली. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी इथल्या मुलांसाठी आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा पेसा कायदा आणि त्यातली ग्रामसभा यांची ओळख इथेच करून द्यायला हवी. हा भाग शिक्षकांनी स्वतः भरून काढायचा आहे.

भूगोलातला आणखी एक पाठ सांगतो, ‘स्थानिक वेळ व प्रमाण वेळ’. पालघर रेखावृत्त ७२ अंश ४५ मिनिटांच्या आसपास, भारताची प्रमाण वेळ ८२ अंश ३० मिनिटांवर. फरक पावणेदहा अंश, प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे एकोणचाळीस. पालघरचा सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येत नाही, सरासरी बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांच्या सुमारास येतो. मैदानात काठी रोवून सावली सर्वांत आखूड कधी होते ते मोजायला पैसे लागत नाहीत. पावसाळा सरला की ऑक्टोबरपासून कोणत्याही स्वच्छ दिवशी हे करता येतं. वर्षभरात नोंदी ठेवल्या तर ती वेळ महिन्यागणिक थोडी पुढेमागे होते हेही दिसेल, आणि त्याचं कारण शोधायला मूल पुढच्या वर्गापर्यंत थांबणार नाही.

परिसरातून शिकवण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. शिंपले, बिया, गवत, दगड ही तिथली शैक्षणिक साधनं होती. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. ते मुख्यतः लहान मुलांसाठी होतं. उच्च प्राथमिकचे विषय तिथपर्यंत नेण्याचं काम अजून व्हायचं आहे, आणि ते कठीण आहे, कारण अणू बी-बियाण्यांसारखा हातात घेता येत नाही. तरी सुरुवात शिक्षकांच्या खोलीतून करता येईल. वर्षाच्या आरंभी विज्ञान-गणिताचे आणि सामाजिक शास्त्रांचे शिक्षक एकदा एकत्र बसले, आपापल्या पाठांची यादी समोर ठेवली आणि भरती, आम्ल, उद्योग, न्यायालय हे पाठ एकमेकांच्या आसपासच्या आठवड्यांत घेतले, तरी मुलांना पुष्कळ मिळेल. त्यासाठी शासनाच्या परिपत्रकाची गरज नाही.

पालकांना घरी एक गोष्ट करता येईल. येत्या पौर्णिमेपासून पुढचे पंधरा दिवस मुलाला किनाऱ्यावरच्या किंवा वर्तमानपत्रातल्या भरतीच्या वेळा तिथीसमोर लिहू द्या आणि शेजारी पाऊणपटीचा हिशेब मांडू द्या. फरक कुठे वाढतो ते त्यालाच शोधू द्या. पुढच्या लेखांकात गणित आहे : सहावीत ऋण संख्या पहिल्यांदा येतात तेव्हा मुलं नेमकी कुठे अडखळतात, आणि ओहोटीच्या पाण्याची पातळी शून्याच्या खाली लिहिली असते त्याचा अर्थ काय.