हापसा खोलून बघा

आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात भातखाचरांचे बांध फुटतील इतका पाऊस कोसळतो आणि मे महिन्यात त्याच वाड्यांवर हंड्यांच्या रांगा लागतात. पडलेलं पाणी उतारावरून धावत सुटतं, काळ्या कातळात मुरतं ते थोडंच. अशाच एका वाडीत हापसा दुरुस्तीची गाडी आली होती. पाना हातात घेण्याआधी मिस्त्रींनी रांगेतल्या आजींना विचारलं, "पाणी कसं येतंय, आज्जी?"

"सकाळच्याला धा-बारा हापसे हाणल्याबिगर थेंब न्हाई. मंग येतंय बरं."

"म्हंजी खालचा वाल गेलाय."

अजून एक नटही सैल झालेला नव्हता. मग हे मिस्त्रींना कळलं कसं?

हापसा पाणी 'ओढतो' असं आपण म्हणतो. पण वरून ओढून पाणी चढवायला मर्यादा असते. हवेचा दाब समुद्रसपाटीला जेमतेम १० मीटर पाणी पेलतो, डोंगरात त्याहून कमी. बोअरमधलं पाणी त्यापेक्षा खोल गेलेलं असतं. म्हणून हापशाचा खरा पंप जमिनीवर नसतोच. तो पितळी अस्तराचा सिलिंडर असतो आणि पाइपांच्या टोकाला थेट पाण्यात बुडवलेला असतो. आत दट्ट्या, दट्ट्याला वाटीसारखे वायसर आणि दोन झडपा: एक दट्ट्यात, एक तळाशी. आपण दांडा खाली दाबला की दट्ट्या वर येतो, वरचं पाणी उचलतो आणि तळाची झडप उघडून नवं पाणी आत घेतो. दांडा सोडला की तळाची झडप बंद होते आणि पाणी दट्ट्यातून वर सरकतं. रात्रभर पाइप भरलेला राहतो तो या तळाच्या झडपेच्या जिवावर.

आता आजींचं वाक्य पुन्हा वाचा. नीट चालणारा हापसा ४० हापशांत साधारण १२ लिटर पाणी देतो, म्हणजे एका हापशाला ३०० मिली. दहा-बारा हापसे म्हणजे तीन-साडेतीन लिटर. मीटरभर पाइपात लिटरभर पाणी मावतं. रात्रीतून पाइपातलं पाणी तीन-साडेतीन मीटर उतरलं होतं, झडप गळत होती. वायसर झिजले असते, तर प्रत्येक हापशाला पाणी कमी आलं असतं. रॉड तुटला असता, तर दांडा एकदम हलका लागला असता आणि पाणी आलंच नसतं.

मग खोलणं सुरू झालं. वरचं झाकण काढल्यावर दिसते ती साखळी. दांड्याच्या पुढच्या टोकाला कमानीसारखा भाग असतो. साखळी त्याच्यावर गुंडाळली जाते, त्यामुळे दांडा गोल फिरला तरी रॉड सरळ वर-खाली जातो. दांडा भरीव लोखंडाचा, जड. मुद्दाम जड, कारण पलीकडे लटकणाऱ्या रॉडचं ओझं तो तोलतो.

ही रचना एका दिवसात सुचलेली नाही. त्याआधीचे बिडाचे पंप एका कुटुंबापुरते बनवलेले होते. अख्खं गाव त्यांवर तुटून पडलं की ते मोडत. जालना आणि सोलापूरच्या लोकांनी पोलादी, एकाच खिळीवर फिरणारे पंप बनवून पाहिले. सोलापूरच्या पंपावरूनच सत्तरच्या दशकात युनिसेफच्या मदतीने 'इंडिया मार्क टू' आकाराला आला. आज रस्त्याकडेला दिसणारा हापसा बहुधा तोच.

त्याची खोड मात्र त्या दिवशी वाडीने पाहिली. सिलिंडर पाइपापेक्षा रुंद, म्हणून मुठीएवढी झडप बदलायला तीन-तीन मीटरचे दहाही पाइप उपसावे लागले. रॉड आणि पाण्यासकट शंभर किलोंहून जास्त वजन. पुढे 'मार्क थ्री'मध्ये पाइपच रुंद केला, त्यातून दट्ट्या आणि झडप नुसत्या रॉडबरोबर वर येतात. पाइप महाग आणि जड झाला, दुरुस्ती सोपी झाली. यंत्र खोलताना कळतं ते हेच: प्रत्येक भाग कुणाच्या तरी तक्रारीचं उत्तर असतो आणि प्रत्येक उत्तराची काही किंमत असते.

जुन्नरकडच्या शाळांच्या सहली खोडदला जातात, ४५ मीटर व्यासाच्या दुर्बिणी बघायला. त्यांचे बोल्ट कोणी खोलू देणार नाही. हापसा, सायकलचा पंप, द्राक्षबागेतला जुना फवारा मात्र खोलता येतो. शेजारच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम उभा केला, तो हाताने काम करत शिकण्यासाठीच.

वाडीत तळाची झडप हाती आली. रबरावर वाळूचे चरे होते. नवं रबर बसवून पाइप पुन्हा खाली सोडले, तेव्हा पोरांनी दांडा धरला आणि मोजायला सुरुवात केली. साठाव्या हापशाला तोटी वाहिली. साठ हापसे म्हणजे अठरा लिटर, अठरा लिटर म्हणजे अठरा मीटर पाइप. बोअरमधलं पाणी किती खोल गेलंय, ते पोरांनी दांड्यावरच मोजलं होतं.