तपकिरी तुडतुडे आणि भाताची जनुकीय प्रतिकारक्षमता

तपकिरी तुडतुड्यांना दाद न देणारा ‘आयआर २६’ हा भाताचा वाण आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९७३ मध्ये प्रसारित केला. त्याची सारी भिस्त बीपीएच १ या एकाच जनुकावर होती. काही वर्षांतच फिलिपीन्स व इंडोनेशियात त्यावर मात करणारे तुडतुडे प्रबळ झाले.

अशी जनुके नेमके काय करतात, याचा उलगडा बीपीएच १४ या जनुकाने केला. तुडतुडा रस शोषताना लाळेतील एक प्रथिन पेशीत सोडतो. एरवी ते झाडाचे संरक्षण दडपते. परंतु बीपीएच १४ चे प्रथिन त्याला ओळखते. मग सॅलिसिलिक आम्लाची यंत्रणा जागी होते, रसवाहिन्यांत कॅलोज साचते आणि किडीला रस मिळणे कठीण होते. मात्र हे संरक्षण सतत सुरू राहिल्यास भाताचीच वाढ खुंटते. त्यामुळे शोषण थांबताच ते लाळप्रथिन पेशीतच नष्ट केले जाते व यंत्रणा शांत होते. हा संयम प्रतिकाराइतकाच महत्त्वाचा आहे.

प्रतिकारक्षम वाण लावला तरी चुडाच्या बुंध्याशी नियमित निरीक्षण करावे, नत्राचा अतिरेक टाळावा. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारल्यास मित्रकीटक मरतात व तुडतुडे उलट वाढतात.