घट, सूट, क्षपण : एका इंग्रजी क्रियापदाचे मराठी अर्थ

इंग्रजीतील ‘रिड्यूस’ या क्रियापदाचा शाळेत शिकवला जाणारा अर्थ ‘कमी करणे’ एवढाच असला, तरी दूध आटवणे, मोडलेले हाड जागेवर बसवणे, किल्ला जिंकणे, धातुकातून धातू मिळवणे आणि अपूर्णांक सोपा करणे या परस्परांशी वरवर काहीही संबंध नसलेल्या क्रियांसाठीही इंग्रजीत हेच क्रियापद चालते. मराठीत यांपैकी प्रत्येक क्रियेसाठी वेगळा शब्द आहे आणि त्या शब्दाची निवड करताना काय उणे होते, ते कोणाच्या करण्याने होते आणि उणे झाल्यावर मागे काय उरते, या तीन गोष्टी बोलणाऱ्याच्या मनात नकळत ठरलेल्या असतात. धाराशिव जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागात, जिथे पाणी, पीक आणि भाव यांच्या उतरणीवर वर्षाचा हिशेब ठरतो, तिथे या शब्दांमधले अंतर विशेष महत्त्वाचे ठरते.

या क्रियापदाचे मूळ लॅटिन भाषेत असून तेथे त्याचा अर्थ ‘मागे नेणे’ किंवा ‘मूळ स्थितीस आणणे’ असा होता. निखळलेले किंवा मोडलेले हाड पूर्वस्थितीत आणणे या वैद्यकीय अर्थात ती छटा आजही टिकून आहे. शत्रूला वठणीवर आणणे या अर्थाने ते युद्धवर्णनातही रुळले. मे 1818 मध्ये टॉमस मन्रो यांच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, तशा मोहिमांचे वर्णन इंग्रजी लेखक याच क्रियापदाने करीत, तर मराठीत किल्ला ‘सर’ होतो. एखाद्याला हलाखीच्या स्थितीला आणून सोडणे हाही इंग्रजीत त्याचाच विस्तार असून, त्या ठिकाणी मराठी ‘देशोधडीला लावणे’ किंवा ‘धुळीस मिळवणे’ असे म्हणते. गणितात अंश आणि छेद यांना सामाईक विभाजकाने भागून अपूर्णांकाचे ‘अतिसंक्षिप्त रूप’ काढले जाते. त्यात लिहायचे आकडे लहान होतात, पण अपूर्णांकाची किंमत तिळभरही बदलत नाही. म्हणजे या क्रियापदाच्या सर्व अर्थांत ‘उणे होणे’ असतेच असे नाही.

रसायनशास्त्रातील ‘क्षपण’ ही संज्ञा या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. धातूच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढून घेतला की वजन उतरते आणि मूळ धातू हाती येतो, म्हणून या क्रियेला इंग्रजीत हे नाव पडले आणि मराठी पाठ्यपुस्तकांनी त्यासाठी क्षय सुचवणारा संस्कृत शब्द घेतला. परंतु पुढे या क्रियेची व्याख्या ‘इलेक्ट्रॉन स्वीकारणे’ अशी झाल्यामुळे, नाव क्षयाचे आणि क्रिया मिळकतीची, असा विरोधाभास विद्यार्थ्यांच्या वाट्याला आला. जैन परंपरेत मात्र हा शब्द आपल्या मूळ अर्थाने नांदतो. धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र असून आचार्य शांतिसागर यांनी सप्टेंबर 1955 मध्ये तेथेच सल्लेखना व्रताने देह ठेवला. सल्लेखना म्हणजे शरीर आणि कषाय, म्हणजेच क्रोध, मान, माया व लोभ हे विकार, विधिपूर्वक कृश करीत जाणे. हे व्रत घेणाऱ्या साधकाला शास्त्रात ‘क्षपक’ म्हटले जाते. येथे कमी होणे ही हानी नसून साधना मानली जाते.

त्याच कुंथलगिरीचा खवा भौगोलिक मानांकन मिळवून प्रसिद्ध झाला आहे. म्हशीचे साधारण पाच लिटर दूध कढईत सतत ढवळत आटवले की एक किलोच्या आसपास खवा मिळतो. दुधातील पाणी वाफ होऊन जाते, स्निग्धांश आणि इतर घनघटक मागे राहतात आणि आकारमान घटूनही मालाचे मोल वाढते. ‘आटवणे’ या क्रियापदात म्हणूनच दाटपणाचा अर्थ गृहीत असतो. तेच क्रियापद प्रयोजकत्व टाकून ‘आटणे’ झाले की अर्थ पालटतो, कारण आटलेल्या विहिरीत मागे काही साचत नाही.

सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडीच्या परिसरात उन्हाळ्यातील परिस्थितीचे वर्णन करायचे झाल्यास अशी अनेक क्रियापदे एकामागून एक लागतात. बोअरचे पाणी ‘आटते’, भूजलाची पातळी ‘खालावते’, पिकाचा उतारा ‘घटतो’, शेतमालाचा भाव ‘पडतो’ आणि चाऱ्याअभावी जनावरे ‘खंगतात’. पाऊस किंवा पूर ‘ओसरतो’ तेव्हा तो पुन्हा येण्याची शक्यता शब्दातच शिल्लक असते. नांगराचा फाळ ‘झिजतो’ तेव्हा गेलेले लोखंड परत येत नाही. ताप ‘उतरतो’, वादळ ‘शमते’, वेग ‘मंदावतो’ आणि संख्या ‘रोडावते’. यांपैकी एकाचे क्रियापद दुसऱ्याला लावले की मराठी कानाला ते खटकते. बाजारपेठेत हेच भेद पैशांच्या हिशेबात उतरतात. माल वाळल्याने वजन उतरते ती ‘घट’, मोजणीत कमी भरते ती ‘तूट’, वजनातून ठरावीक भाग वजा धरण्याची प्रथा म्हणजे ‘कडता’, आणि देय रकमेतून काही भाग आधीच काढून घेणे म्हणजे ‘कपात’. घट निसर्गाने होते, तर कडता माणूस लावतो. त्यामुळे घटीबद्दल शेतकरी हळहळतो आणि कडत्याबद्दल भांडतो.

इंग्रजीतील समानार्थी शब्दही अगदी एकसारखे नाहीत. ‘डिक्रीज’ बहुधा आपोआप होणाऱ्या घटीसाठी, ‘डिमिनिश’ महत्त्व किंवा सामर्थ्य ओसरण्यासाठी, ‘अबेट’ वादळ अथवा वेदना शमण्यासाठी आणि ‘कर्टेल’ अधिकार किंवा खर्च यांच्या काटछाटीसाठी वापरला जातो. ‘रिड्यूस’च्या मागे मात्र सहसा कर्ता उभा असतो. असे पर्याय शोधण्याचे काम मोल्सवर्थ आणि कँडी यांच्या 1847 च्या इंग्रजी–मराठी कोशापासून सुरू आहे, आणि दाते–कर्वे यांच्या 1932 पासून निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाच्या सात खंडांनी मराठी शब्दांच्या छटा विस्ताराने नोंदवल्या. कोशांनी एवढी सोय करूनही ‘अनुदानात घट झाली’ अशी वाक्ये सर्रास लिहिली जातात, आणि अनुदान घटले की घटवले, म्हणजे त्यामागे कोणाचा निर्णय होता, हे त्यांतून कळत नाही.

दुष्काळाच्या शासकीय आदेशात ही संदिग्धता परवडत नाही. 31 ऑक्टोबर 2018 रोजी महाराष्ट्र शासनाने 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, तेव्हा लागू झालेल्या सवलतींत जमीन महसुलात ‘सूट’, कृषिपंपांच्या चालू वीजबिलात 33.5 टक्के ‘सूट’, विद्यार्थ्यांच्या परीक्षाशुल्काची ‘माफी’, शेतीकर्जाच्या वसुलीस ‘स्थगिती’, सहकारी कर्जाचे ‘पुनर्गठन’ आणि रोजगार हमीच्या निकषांत ‘शिथिलता’ यांचा समावेश होता. सर्वांचा उद्देश भार हलका करणे हा असला, तरी परिणाम भिन्न आहेत. सुटीने देणे ठरलेल्या प्रमाणात उतरते आणि माफीने ते संपते. स्थगितीने केवळ तगादा थांबतो, तर पुनर्गठनाने हप्ते लहान होऊन मुदत लांबते आणि मुद्दल जिथल्या तिथे राहते. ‘शासनाने कर्जाचा बोजा कमी केला’ हे एकच वाक्य या चारही गोष्टींना लावता येत असल्यामुळे, आदेश लिहिणाऱ्याने नेमका शब्द योजणे आणि वाचणाऱ्याने त्या शब्दानंतर आपल्या नावावर किती देणे उरते हे तपासणे, या दोन्ही गोष्टी आवश्यक ठरतात.