पावतीवर नसलेले नाव

हिंदमाताच्या चौकातून भोईवाड्याच्या अंगाला वळले, की साड्यांच्या आणि कापडाच्या घाऊक दुकानांची गजबज मागे पडते आणि गिरणगावातल्या उरल्यासुरल्या चाळी लागतात. या चाळींतल्या खोल्यांत दाराआड, खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली असे आणि तिच्यावर वर्षानुवर्षांच्या घरभाड्याच्या पावत्या एकीवर एक टोचलेल्या असत. पावसाळ्यात हिंदमाताला गुडघाभर पाणी चढले आणि ते उंबरठ्याशी आले, म्हणजे तळमजल्यावरचे लोक अंथरुणे-पांघरुणे उचलण्याच्याही आधी ती तार माळ्यावर टाकीत. कारण ज्याचे नाव पावतीवर त्याची खोली, ही समजूत त्या दहा बाय सोळाच्या संसाराचा पाया होती. पावतीवर नाव असे ते सासऱ्याचे. त्याच्या माघारी मुलाचे. त्याच खोलीत पहाटे पाणी भरणारीचे, गिरणीच्या पाळीप्रमाणे डबे करणारीचे आणि तिथेच बाळंतपणे काढणारीचे नाव त्या तारेवरच्या एकाही कागदावर नसे.

आमच्या चाळीत मी लहान असताना पाहिलेली एक रात्र अद्याप माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. समोरच्या बिऱ्हाडातल्या सुनेला मारहाण करून, कडेवरच्या मुलासकट नेसत्या वस्त्रानिशी गॅलरीत काढले होते आणि आतून कडी घातली होती. ती दार ठोठावीत नव्हती, रडतही नव्हती; मुलाच्या अंगावर पदर ओढून ती कठड्याला टेकून बसली होती. शेजारच्या काकूंनी तिला आत बोलावले, पाणी दिले. पण दार उघडायला सांगण्यास कोणी पुरुष पुढे झाला नाही. "घरातले भांडण आहे, आपण पडू नये," असे एक जण म्हणाला, आणि आतून सासऱ्याचा आवाज आला, "खोली माझ्या नावावर आहे, कोणी मध्ये बोलायचे काम नाही." त्या एका वाक्याने सबंध मजला गप्प झाला. मारणाऱ्याच्या हातातल्या पट्ट्यापेक्षा त्या पावतीची जरब मोठी होती, हे मला पुष्कळ वर्षांनी उमगले.

स्त्रियांवरील घरगुती अत्याचाराच्या बाबतीत सरकारने काय केले, असा प्रश्न निघाला म्हणजे आपण शिक्षा किती आणि अटक किती यांचा हिशेब मांडतो. माझ्या मते, सरकारने केलेली सर्वांत मोलाची गोष्ट ही, की त्याने पावतीची ती जरब कायद्याने मोडून काढली. आणि सर्वांत मोठी उणीव ही, की ही वार्ता जिला हवी तिच्या कानांपर्यंत अजून पुरती पोहोचलेली नाही.

ही मजल किती लांबची आहे हे याच मुंबई शहराच्या इतिहासावरून दिसेल. गिरगावात वाढलेल्या रखमाबाईंचे लग्न वयाच्या अकराव्या वर्षी झाले होते. त्या नांदायला येत नाहीत म्हणून पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ साली मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी तो फेटाळला. परंतु अपिलानंतर १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी पतीच्या घरी जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा, असा हुकूम दिला, तेव्हा रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखवली. पुढे १८८८ साली तडजोड होऊन तो कज्जा मिटला आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. स्त्रीचे राहण्याचे ठिकाण पतीच्या मर्जीने ठरते, हा त्या हुकुमाचा गाभा होता. दुसरीकडे, जिला घर उरले नाही तिच्यासाठी दयावंतांनी आश्रम काढले. पंडिता रमाबाईंनी १८८९ च्या मार्चमध्ये गिरगाव चौपाटीजवळ शारदा सदन उघडले. पुढे माटुंग्याला श्रद्धानंद महिलाश्रम उभा राहिला. या संस्थांचे ऋण फिटणारे नाही. पण त्या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट गृहीत धरलेली होती: मार खाणारीने घर सोडायचे आणि मारणाऱ्याने त्यात राहायचे.

स्वातंत्र्यानंतरही हे गृहीतक बराच काळ टिकले. हुंडाबळींविरुद्ध स्त्रियांच्या संघटना रस्त्यावर उतरल्यावर १८६० च्या दंडसंहितेत १९८३ साली ४९८-अ हे कलम आले आणि पती व सासरची मंडळी यांच्याकडून होणारी क्रूरता हा फौजदारी गुन्हा ठरला; आज तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे. ही मोठीच गोष्ट झाली. तथापि पोलीस ठाण्याची पायरी चढणाऱ्या कित्येक बायांना नवऱ्याने तुरुंगात जावे असे वाटत नसते. मार थांबावा, मुले हाताशी असावीत आणि डोक्यावरचे छप्पर जाऊ नये, एवढेच त्यांचे मागणे असते. नवऱ्याला अटक झाली, तर त्या रात्री ती सासरच्या खोलीत कशी राहणार, या प्रश्नाला फौजदारी कायद्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५' या कायद्याने दिले आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचार, शिवीगाळ व मानसिक छळ आणि आर्थिक कोंडी, म्हणजे खर्चास पैसे न देणे किंवा स्त्रीधन दाबून ठेवणे, या चारही प्रकारांना तो हिंसाचार म्हणतो. त्याचे सतरावे कलम मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: ज्या सामाईक घरात ती नांदली, त्या घरात राहण्याचा तिला हक्क आहे, मग त्या घरावर तिचा मालकीहक्क असो वा नसो, आणि रीतसर कायदेशीर कारवाईवाचून तिला तिथून काढता येणार नाही. एकोणिसाव्या कलमान्वये दंडाधिकारी मारणाऱ्या पुरुषालाच घराबाहेर राहण्याचा हुकूम देऊ शकतो, किंवा तिच्यासाठी त्याच दर्जाची दुसरी जागा अथवा तिचे भाडे देण्यास त्याला भाग पाडू शकतो. निकड असेल तर दुसऱ्या बाजूस ऐकण्यापूर्वीही अंतरिम हुकूम निघू शकतो. आणि संरक्षणाचा हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

या तरतुदीलाही पावतीने काही काळ ग्रासले होते. घर सासूच्या वा सासऱ्याच्या नावावर असेल तर ते 'सामाईक' नव्हे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाच्या एका पूर्वीच्या निकालातून निघत असे. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो अर्थ चुकीचा ठरवला आणि घर पतीच्या नातलगाच्या नावावर असले तरी ती तिथे नांदत असल्यास ते सामाईक घर होऊ शकते, असे स्पष्ट केले. वृद्ध सासू-सासऱ्यांच्या शांततेचाही विचार न्यायालयाने करावा, असे त्या निकालात आहे आणि ते रास्तच आहे. परंतु "खोली माझ्या नावावर आहे" या वाक्याने विषय संपत नाही, हे त्या दिवशी कायमचे ठरले. जिथे चाळींच्या जागी टोलेजंग इमारती उठत आहेत आणि एकेका खोलीची किंमत कल्पनेपलीकडे गेली आहे, त्या परळ-नायगावात या निकालाचे मोल विशेष आहे.

मात्र हक्क कागदावरून खोलीपर्यंत येण्यास माणसे लागतात. कायद्याने त्यासाठी संरक्षण अधिकारी नेमला आहे. तो तिचा कौटुंबिक घटना अहवाल भरून घेतो, दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज करण्यास तिला साहाय्य करतो आणि औषधोपचार, आश्रय व मोफत वकील यांची तजवीज करतो. या कामाचा पाया आपल्या मुंबईत कायद्याच्या वीस वर्षे आधी पडला, याचा अभिमान वाटावा. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तांच्या कार्यालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला आणि पुढे दादरलाही असा कक्ष उघडला. पोलिसांच्याच आवारात बसून प्रशिक्षित समाजकार्यकर्तीने बाईचे म्हणणे आधी शांतपणे ऐकून घ्यायचे, ही त्यातली साधी पण मूलगामी कल्पना होती. कालांतराने राज्य शासनाने ती आपलीशी करून राज्यभर नेली. २००० साली महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' विभाग निघाला आणि जखम बांधताना ती कशी झाली हेही आस्थेने विचारले जाऊ लागले.

तरीही वाट सुकर झाली असे म्हणवत नाही. अर्जाची पहिली सुनावणी साधारणतः तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. प्लास्टिकच्या पिशवीत लग्नपत्रिका, शिधापत्रिका आणि दवाखान्याचे कागद घेऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. इतर कामांचे ओझे वाहणाऱ्या अधिकाऱ्यांवरच संरक्षणाचेही काम टाकले जाते. म्हणूनच मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सर्व राज्यांना जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी नेमण्याचा आदेश द्यावा लागला. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात विवाहित स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याने पतीचा हिंसाचार सोसलेला आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे शासनाची तरतूद किती तुटपुंजी आहे ते कळते. पूर्ण वेळचा, आपल्या विभागाची माहिती असलेला संरक्षण अधिकारी प्रत्येक प्रभागात असावा आणि त्याचे नाव व पत्ता पोलीस ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लिहिलेला असावा, ही मागणी अवाजवी नाही.

राहिला आपला, म्हणजे त्या रात्री गॅलरीत गप्प उभ्या राहिलेल्यांचा, प्रश्न. याच कायद्याचे चौथे कलम असे सांगते, की हिंसाचार घडत आहे किंवा घडण्याचा संभव आहे असे ज्याला वाटते, तो कोणीही संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो. आणि सद्हेतूने दिलेल्या खबरेबद्दल त्याच्यावर कोणतीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. भिंतीपलीकडे मार ऐकू आला, तर तत्काळ मदतीसाठी ११२, मुंबई पोलिसांच्या महिला मदतीसाठी १०३ आणि सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइनचा १८१ हे क्रमांक आहेत. मार खाणारी माहेरी, मुलखाला निघून गेली असेल, तर तिथल्या न्यायालयातही तिला दाद मागता येते. आणि सरकारी वकिली साहाय्य तिला मोफत मिळते, मग तिची मिळकत कितीही असो.

आपल्या मजल्यावर, आपल्या इमारतीत अशी कोणी असेल तर तिला आजच एवढे सांगा: पावतीवर तुझे नाव नसले तरी या घरात राहण्याचा तुला हक्क आहे, आणि रीतसर कायदेशीर कारवाईवाचून तुला इथून कोणीही हाकलू शकत नाही.