कहाणी आणि तिचा श्रोता

श्रावण महिन्यात महाराष्ट्रातील घरांतून ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्यांचा विचार अभ्यासकांनी बहुधा दोन अंगांनी केलेला आहे. कोणी त्यांत लोककथेचे साचे शोधले, कोणी जुन्या कुटुंबजीवनाचे साधन म्हणून त्या वाचल्या. दोन्ही वाटा रास्तच आहेत. परंतु कहाणी ही मुळात उपासनेचे एक अंग आहे, आणि त्या उपासनेत ऐकणाऱ्याचे स्थान सांगणाऱ्याइतकेच मोठे आहे, ही गोष्ट या दोन्ही वाटांवर मागे राहून जाते. प्रस्तुत लेखात तेवढ्याच एका गोष्टीचा विचार करावयाचा आहे.

मराठी प्रदेशाबाहेरील वाचकांसाठी प्रथम थोडा खुलासा अवश्य आहे. श्रावणात आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक देवता आणि एक कहाणी नेमून दिलेली असते. रविवारी आदित्य राणूबाई, सोमवारी शिव, मंगळवारी मंगळागौर, बुधवार-गुरुवारी बुध-बृहस्पती, शुक्रवारी जिवती, शनिवारी मारुती. याखेरीज नागपंचमी, पिठोरी अशा सणांच्या कहाण्या निराळ्या. भाषा गद्य, पण तोंडी सांगण्याला सोयीची; वाक्ये आखूड, क्रियापदे ठसठशीत, आणि एकदा आलेली गोष्ट पुन्हा त्याच शब्दांत येणारी. पूजा झाली की घरातील स्त्रिया व मुले हातात अक्षता घेऊन बसतात, वडीलधारी स्त्री कहाणी सांगते किंवा वाचता येणारी एखादी मुलगी पोथीतून वाचते, आणि कहाणी संपली की त्या अक्षता देवावर वाहतात. पूजेला भटजी आलेले असोत वा नसोत, कहाणीला त्यांची गरज नसते. ती घरच्या बोलीतच सांगावयाची असते.

छापील पोथ्यांतील कहाण्यांचे जग मुख्यतः ब्राह्मण व तत्सम कुटुंबांचे आहे, हेही येथेच सांगून टाकलेले बरे. महाराष्ट्रातील कष्टकरी स्त्रियांची उपासना जात्यावरच्या ओवीत आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून अशा सुमारे एक लाख ओव्या संग्रहित केल्या. तो प्रवाह कहाणीहून कितीतरी मोठा व खोल आहे. जात्याच्या खुंट्यालाही पुष्कळदा दोघींचे हात असतात आणि ओवी एकीने टाकावी, दुसरीने उचलावी, असा प्रकार असतो. त्याचा विचार स्वतंत्रपणे व्हावा. येथे कहाणीपुरतेच बोलू.

आदित्य राणूबाईची कहाणी घ्या. प्रचलित पाठात ती अशी आहे : एक दरिद्री ब्राह्मण रानात जातो. तेथे नागकन्या-देवकन्या वसा वसत असतात. तो त्यांना विचारतो, त्या त्याला वसा सांगतात आणि त्याला संपत्ती येते. त्याच्या दोन मुलींपैकी एक राजाला पडते, दुसरी प्रधानाला. बारा वर्षांनी बाप लेकींच्या समाचाराला जातो. राजाची राणी झालेली मुलगी त्याला बसावयास पाट देते, पाय धुवावयास पाणी देते. बाप म्हणतो, आधी माझी कहाणी ऐक. ती म्हणते, राजा पारधीला निघाला आहे, आता ऐकावयास वेळ नाही. बापाला राग येतो, तो निघून जातो आणि दुसऱ्या मुलीच्या घरी येतो. ही मात्र ऐकते. पुढे राणीच्या घरी दारिद्र्य येते आणि प्रधानाच्या घरी भाग्य.

येथे क्षणभर थांबावयास हवे. राणीचा अपराध तो कोणता? तिने कोणाचा छळ केलेला नाही, देवाची निंदा केलेली नाही, बापाचा पाहुणचारही चुकविलेला नाही. तिने फक्त ऐकले नाही. एरवीच्या धर्मकथांतून दैवी कोपाची जी कारणे आढळतात, त्यांत हे कारण मला अत्यंत विलक्षण वाटते. आपल्याकडे घरोघर होणाऱ्या सत्यनारायणाच्या कथेशी ते ताडून पाहावे. तेथे कलावती प्रसाद टाकून धावते आणि पतीची नौका दिसेनाशी होते. म्हणजे चुकते ते प्रसादाच्या बाबतीत. कथा सांगण्याचे काम पुरोहिताकडे असते आणि यजमानाने ती ऐकली की त्याच्या अंगचे काम होते. कहाणीत ऐकणे हीच सेवा आहे.

पुढे ती गरीब झालेली बहीण आपल्या मुलांना एकामागून एक मावशीकडे पाठविते. मावशी पोखरलेल्या कोहळ्यात वगैरे लपवून मोहरा देते, आणि सूर्यनारायण वाटेत वेष पालटून येतो व ते सारे काढून घेतो. शेवटी ती स्वतः येते, बहिणीकडून वसा समजून घेते आणि तिचे दिवस पालटतात. राजा तिला न्यावयास येतो. परतीच्या वाटेवर पानावर बसताना तिला आठवते, आज कहाणी कोणाला सांगितली नाही. गावात शोध करविला जातो, कोणी उपाशी आहे काय? पात्रतेची अट एवढी एकच. जात विचारीत नाहीत, स्त्री की पुरुष हे विचारीत नाहीत. तो उपाशी असावा. मग मोळी विकणारा मिळतो. कहाणी ऐकून माझे पोट कसे भरणार, असा त्याचा प्रश्न असतो, आणि तो प्रश्न कहाणी गाळीत नाही. राणी सहा मोत्ये घेते, तीन त्याच्या हाती देते, तीन आपल्या हाती ठेवते. ती मन लावून सांगते, तो चित्त देऊन ऐकतो, आणि त्याची लाकडाची मोळी सोन्याची होते. पुढच्या मुक्कामांवर असेच घडते : ज्याचा मळा पिकत नाही असा माळी, जिचे मुलगे नाहीसे झालेले आहेत अशी म्हातारी, आणि शेवटी हातपाय नसलेला एक मांसाचा गोळा. प्रत्येकाला सहांपैकी तीन मोत्ये, प्रत्येकाला फळ.

ती निम्मी वाटणी मला या कहाणीचा गाभा वाटते. सांगणारी राणी आहे आणि ऐकणारा रस्त्यावरचा मनुष्य आहे, तरी मोत्ये सारखीच. शिवाय त्या मुक्कामांवर जे तत्काळ फळ दिसते ते ऐकणाऱ्याचे असते. राणीचे व्रत मात्र त्याच्यावाचून अडलेले असते. तो मिळाल्याशिवाय तिला घास घेता येत नाही. हा परस्परांचा उपकार आहे, दान नव्हे. दानात देणाऱ्याचा हात वर असतो. येथे दोन्ही हात एकाच उंचीवर आहेत.

माझ्या लहानपणी, म्हणजे 1970 नंतरच्या दशकात, आमच्या घरी कहाणी सांगत असे ती आजोबांची थोरली बहीण. ती बालविधवा होती. शुक्रवारी सवाष्ण जेवावयास येई, हळदीकुंकू होई, औक्षण होई. यांपैकी कशातही तिचा हात लागत नसे. ती माजघराच्या उंबऱ्यापलीकडे बसलेली असे. मात्र कहाणीची वेळ झाली की आजी तिला हाक मारी, “वन्सं, या, तुमच्यावाचून खोळंबलंय.” मग ती आत येई, आमच्या सर्वांच्या मुठीत अक्षता देई, आणि स्वतःच्या मुठीतही घेई. त्या वयात यात काही विसंगती आहे असे मला वाटले नाही. पुष्कळ वर्षांनी ध्यानात आले की कुंकवाचा अधिकार ज्या धर्माने तिचा काढून घेतला होता, त्याच धर्मातील हे एक काम तिला मोकळे राहिले होते. कहाणीने तिच्यावरचा अन्याय दूर केला, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे आहे आणि खोटे आहे. जिवतीची पूजा मुलांच्या आयुष्यासाठी असते, आणि ती कहाणी वर्षानुवर्षे जी सांगत होती तिला मूल नव्हते.

त्या शुक्रवारच्या कहाणीतच श्रोत्याचे आणखी एक रूप आहे. आईपासून तिचा मुलगा जन्मताच चोरून नेलेला असतो. तो कोठे आहे हे तिला ठाऊक नाही. पण ती जिवतीची पूजा करते आणि जेथे माझे बाळ असेल तेथे खुशाल असो, असे म्हणून चारी दिशांना अक्षता टाकते. त्या अक्षता मुलापर्यंत पोचतात, असे कहाणी सांगते. मुले परगावी असलेल्या आया आजही शुक्रवारी अशा अक्षता टाकतात. ऐकणारा समोर नसला तरी त्याच्यासाठी मूठ भरलेली असावी, असा याचा अर्थ मी घेते.

सोमवारची खुलभर दुधाची कहाणी तर राजालाच ऐकावयास लावते. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा म्हणून राजा नगरातील सगळे दूध मागवितो. वासरांना राहत नाही, मुलांना राहत नाही, आणि गाभारा भरत नाही. एक म्हातारी मुलांना, वासरांना पाजून उरलेले खुलभर दूध घेऊन येते व गाभारा भरतो. राजा तिला कारण विचारतो. तिच्याकडून त्याला जे समजते ते इतकेच, की तुझ्या हुकमाखाली किती जीव तळमळले ते तुला ऐकू आले नाही.

ही केवळ मराठी गोष्ट आहे काय? तसे नाही. हिंदी प्रदेशात करवा चौथ किंवा अहोई यांच्या कथेच्या वेळी स्त्रिया हातात गव्हाचे अगर तांदळाचे दाणे धरून बसतात, आणि कथेला हुंकारा देणारे कोणी असावे लागते. तेलुगू घरांत व्रतकथा संपल्यावर हातातील अक्षता मस्तकावर घेतात. बंगालमध्ये फुले-दूर्वा हाती घेऊन व्रतकथा ऐकतात. अवनींद्रनाथ ठाकुरांनी 1919 साली ‘बांग्लार ब्रत’ या छोट्याशा पुस्तकात शास्त्रीय व्रत आणि बायकांचे व्रत यांत जो भेद केला, तो अजूनही उपयोगी आहे. बायकांच्या व्रतात त्यांनी समूहाची इच्छा पाहिली. आलपना, छडा व कृती या तिन्हींतून ती प्रकट होते, असा त्यांचा विचार. चित्रकाराची दृष्टी साहजिकच आलपनेवर अधिक खिळली. ऐकणाऱ्याच्या मुठीकडे ती तितकीशी वळली नाही, एवढी तक्रार मी आदरपूर्वक नोंदविते.

ऐकणारा न मिळाला तर काय होते, हे ए. के. रामानुजन यांनी भारतीय लोककथांच्या 1991 मधील संग्रहात दिलेल्या एका तमिळ कथेत आहे. मुले-सुना छळतात, दुःख सांगावयास कोणी नाही, म्हणून एक म्हातारी विधवा फुगत जाते. शेवटी एका पडक्या घरात जाऊन ती भिंतींना एकेक गाऱ्हाणे सांगते. प्रत्येक भिंत त्या भाराने कोसळते आणि म्हातारी हलकी होऊन घरी येते. आदित्य राणूबाईचा श्रोता ऐकून फळतो, ही भिंत ऐकून पडते.

भाषांतराचा प्रश्न येथूनच सुरू होतो. सी. ए. किंकेड या मुंबई इलाख्यातील सनदी अधिकाऱ्याने 1914 साली या कहाण्या ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नावाने इंग्रजीत आणल्या; चित्रे एम. व्ही. धुरंधर यांची. पुस्तक गोड आहे. परंतु नावातच श्रोता बदलला. उपवासाची मूठ गेली आणि निजावयाच्या खोलीतील मूल आले. किंकेड यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येक भाषांतरकार आपला श्रोता मनात धरूनच बसतो. ‘वसा’ या शब्दाचे पाहा. ‘व्रत’ म्हटले की ते एकट्याने धरता येते. वसा घ्यावयाचा तो कोणाकडून तरी ऐकून घ्यावयाचा. ब्राह्मणाने तो देवकन्यांकडून घेतला, धाकटीने बापाकडून, थोरलीने बहिणीकडून. आज आपण ‘समाजसेवेचा वसा’ असे सहज लिहितो, त्यातही ही हातोहात येण्याची छटा शिल्लक आहे. हिंदीत मला याला एका शब्दाचा पर्याय मिळालेला नाही. मी ‘वसा’ तसाच ठेवते आणि पहिल्या वेळी वाक्यातूनच त्याचा अर्थ उलगडते.

माझ्या हातून मात्र याहून मोठी चूक झालेली आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वी एका संकलनासाठी मी आदित्य राणूबाईची कहाणी हिंदीत केली. संपादकांचे पत्र आले, की मोत्ये वाटण्याचा प्रसंग चार वेळा तेच ते सांगतो. एकदा ठेवून पुढे ‘इसी प्रकार’ म्हणून आटपावे. मला ते पटले. किंबहुना पुनरुक्ती काढल्याने कहाणी घाटदार झाली, असे मी त्यांना उलट लिहिलेही. माळी, म्हातारी आणि तो हातपाय नसलेला मनुष्य अशा तिघांना मी एका वाक्यात बसविले. त्यांच्या हाती द्यावयाची नऊ मोत्ये वाचली.

अलीकडे तो मजकूर पुन्हा छापण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा मी तो नव्याने लिहून काढला. चारही वेळा मोत्ये मोजली, चारही वेळा तीच क्रियापदे ठेवली. लिहून झाल्यावर तो भाग शेजारच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना वाचून दाखविला. त्या कानपूरकडच्या, मराठी कहाणी त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. मोळीवाल्याच्या वेळी त्या हसल्या. माळ्याच्या वेळी “हूँ” म्हणू लागल्या. म्हातारीची पाळी आली तेव्हा मी पान उलटण्यासाठी जरा थांबले, तर त्यांनीच विचारले, “और इसे कितने मोती दिए?”